मम म्हणण्यापुरता माणूस

कृत्रिम बुद्धिमत्तेवर सध्या जिकडेतिकडे परिसंवाद झडत आहेत आणि त्यांत एक वाद हमखास येतो, हमखास आडवाटेला लागतो. एक बाजू म्हणते, यंत्राला काळीज नसते, म्हणून शेवटचा निर्णय माणसानेच घ्यावा. दुसरी म्हणते, माणूस दमतो, चिडतो, जातगोत पाहतो, प्रसंगी खिशातही घालतो. यंत्र यातले काहीच करत नाही, तेव्हा निर्णय त्याच्यावर सोपवावा. मग अध्यक्ष समारोपात सुवर्णमध्य काढतात: यंत्राने सुचवावे, माणसाने मंजुरी द्यावी. टाळ्या पडतात, चहा येतो. या तिन्हींतली सर्वांत धोक्याची भूमिका मला तिसरी वाटते, कारण पहिल्या दोघांना निदान आपण काय मागतो आहोत हे ठाऊक असते. पूजेत संकल्प सोडताना सगळा मंत्र गुरुजी म्हणतात आणि यजमान तेवढा ‘मम’ म्हणतो. यंत्राच्या शिफारशीखाली सही करणारा माणूस बहुतेक ठिकाणी तसाच यजमान होऊन बसला आहे. माणसाचे तारतम्य निर्णयप्रक्रियेत हवेच, पण ते यंत्रापेक्षा अचूक असते म्हणून नव्हे. समोर आलेला प्रश्नच चुकीचा मांडला आहे असे म्हणून तो परत पाठवणारा आणि मागाहून जाब देणारा कोणीतरी हवा म्हणून ते हवे. त्यासाठी त्या माणसाला वेळ, माहिती आणि ‘नाही’ म्हणण्याची सोय द्यावी लागते. ती द्यायची नसेल, तर त्याला खुर्चीत बसवण्याचा देखावा तरी करू नये.

माणसाच्या बाजूने बोलणारे वक्ते एक उदाहरण नेहमी देतात आणि ते खरोखरच मोठे आहे. २६ सप्टेंबर १९८३ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव्ह-१५ या भूमिगत केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह कामावर होते. भोंगा वाजू लागला आणि समोरच्या पडद्यावर लाल प्रकाशात ‘प्रक्षेपण’ हा शब्द उमटला. अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र निघाल्याचे उपग्रहांची यंत्रणा सांगत होती. थोड्या वेळाने आणखी चार निघाल्याचे तिने सांगितले आणि आपल्या खात्रीची पातळी ‘सर्वोच्च’ असल्याचेही कळवले. एका हातात टेलिफोन आणि दुसऱ्या हातात ध्वनिक्षेपक धरून पेत्रोव्ह यांनी वरिष्ठांना हा खोटा इशारा असल्याचे कळवले. त्यांची कारणे साधी होती. युद्ध सुरू करायचे झाले तर कोणी पाच क्षेपणास्त्रांनी सुरू करत नाही. यंत्रणा नवी होती आणि घाईने बसवलेली होती. जमिनीवरच्या रडारांना काही दिसत नव्हते. खात्री त्यांनाही नव्हती. तेवीस मिनिटे उलटली, काहीच कोसळले नाही, तेव्हा आपण बरोबर होतो हे त्यांना कळले. उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला उपग्रहाने क्षेपणास्त्रांची आग समजले होते, हे पुढे निष्पन्न झाले.

आता या उदाहरणाची उलट बाजू पाहिली पाहिजे, कारण आपल्याकडचे वक्ते नेमके इथेच थांबतात. याच घटनेच्या पंचवीस दिवस आधी, १ सप्टेंबर १९८३ रोजी, वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन एअर लाइन्सचे ००७ हे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले आणि २६९ माणसे मेली. तो निर्णय आदेशांच्या साखळीतल्या माणसांचाच होता. पुढे ३ जुलै १९८८ रोजी पर्शियाच्या आखातात अमेरिकेच्या व्हिन्सेन्स या युद्धनौकेने इराण एअरचे ६५५ हे विमान पाडले आणि २९० जण ठार झाले. तिथली गोष्ट तर यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्याने चौकटीत लावून ठेवावी अशी आहे. नौकेवरच्या एजिस संगणकाच्या नोंदीनुसार विमान वर चढत होते. ते खाली, आपल्याच रोखाने येत असल्याचा पुकारा पडद्यासमोरची माणसे करत होती. हल्ला होणार हे मनाने आधीच ठरवलेले असल्याने डोळ्यांना तेच दिसले. यंत्र बरोबर होते आणि माणूस चुकला. त्या पाण्यात जवळच असलेल्या साइड्स या दुसऱ्या अमेरिकन नौकेच्या कप्तानाला मात्र ते विमान धोक्याचे वाटले नव्हते. म्हणजे माणसाची निर्णयबुद्धी हे एकच एक, सगळीकडे सारखे मिळणारे द्रव्य नव्हे, ते माणसागणिक बदलते, हेही मान्य करावे लागते. पेत्रोव्ह यांनी स्वतःच पुढे सांगितले होते की त्यांचे शिक्षण नागरी होते, सहकारी मात्र सैनिकी शिस्तीतले होते. त्या रात्री दुसरा कोणी पाळीवर असता तर इशारा वर गेला असता.

अभ्यासकांचे म्हणणेही माणसाला फारसे सोयीचे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्ये वीसएक अभ्यास तपासले आणि साधे संख्याशास्त्रीय सूत्र अनुभवी तज्ज्ञाइतके किंवा त्याहून चांगले भाकीत करते, असे दाखवले. कोणता विद्यार्थी पुढे टिकेल, कोणता कैदी सुटल्यावर पुन्हा गुन्हा करील, अशी ती भाकिते होती. फिलिप टेटलॉक यांनी सुमारे वीस वर्षे २८४ राजकीय तज्ज्ञांची भाकिते जमवली आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. ‘जे चालले आहे तेच पुढे चालेल’ एवढेच सांगणाऱ्या ढोबळ सूत्रालाही तज्ज्ञांना नीटसे हरवता आले नव्हते. दूरचित्रवाणीवर रोज दिसणारे चेहरे त्यांत विशेष मागे होते, ही माहिती आपल्या रात्री नऊच्या चर्चा ऐकणाऱ्याला नवी वाटणार नाही. तेव्हा अचूकतेच्या कसोटीवर माणूस उभा करून त्याची बाजू लढवणे म्हणजे हरलेला खटला चालवणे आहे.

पण अचूकता मोजायची कशी? मील यांच्या सूत्राला कैदी पुन्हा पकडला गेला की नाही हे काही वर्षांनी कळत होते. उत्तरपत्रिका तपासली जात होती, म्हणून सूत्र सुधारत होते. विज्ञानात यंत्राने अलीकडे जी मजल मारली, तिचे मर्मही इथेच आहे. प्रथिनांची घडण ओळखणाऱ्या अल्फाफोल्डसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि ते रास्तच होते. मात्र त्या यंत्राला शिकवायला १९७१ पासून जपलेला प्रथिनांच्या रचनांचा संग्रह होता. त्यातल्या बहुतेक रचना कोणीतरी स्फटिक तयार करून, क्ष-किरणांखाली धरून, कित्येक महिने खपून काढलेल्या होत्या. शिवाय १९९४ पासून दर दोन वर्षांनी एक परीक्षा होत असे, जिच्यात उत्तरे आधी झाकून ठेवली जात आणि नंतर सर्वांची भाकिते त्यांच्याशी ताडून पाहिली जात. निसर्ग स्वतः परीक्षक असेल तिथे यंत्राला अवश्य बसवावे. अणुयुद्धाच्या इशाऱ्याची उत्तरपत्रिका कोणाकडे आहे? दोन अण्वस्त्रधारी महासत्तांमध्ये पूर्ण युद्ध झाल्याची उदाहरणे शून्य आहेत आणि ती शून्यच राहावीत अशी आपली इच्छा आहे. शून्य उदाहरणांवर शिकलेले यंत्र जेव्हा ‘सर्वोच्च खात्री’ असे कळवते, तेव्हा ती खात्री ढगाला आणि उन्हाला उद्देशून नसते. ती फक्त आपल्या आतल्या हिशेबाबद्दल बोलत असते. तारतम्य या शब्दात ‘तर’ आणि ‘तम’ असे दोन प्रत्यय दडले आहेत: अधिक काय आणि सर्वाधिक काय हे ओळखणे. पेत्रोव्ह यांनी आकडा पुन्हा मोजला नाही. पाच हा आकडा कोणत्या प्रश्नाच्या तराजूत घालायचा हे त्यांनी ओळखले.

‘माणूस विरुद्ध यंत्र’ ही मांडणी आणखी एका कारणाने फसवी आहे. यंत्राच्या पोटात माणूसच बसलेला असतो, फक्त तो कालचा असतो. अंटार्क्टिकावरच्या ओझोन छिद्राची कथा नेहमी सांगितली जाते, आणि बहुधा चुकीची सांगितली जाते. ब्रिटनच्या हॅली तळावर जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांना जमिनीवरच्या साध्या उपकरणात वसंतातला ओझोन झपाट्याने घटलेला दिसला. उपकरण जुने झाले असेल म्हणून नवे आणून पाहिले, तरी आकडे तेच आले. १९८५ च्या मे महिन्यात त्यांनी ते प्रसिद्ध केले. वर फिरणाऱ्या निंबस-७ या अमेरिकन उपग्रहाने हेच पाहिले होते, पण ‘संगणकाने माहिती फेकून दिली’, असे सांगितले जाते. माहिती फेकलेली नव्हती. ओझोन ज्यात मोजतात त्या डॉब्सन एककांत १८० च्या खालच्या नोंदींवर ‘संशयास्पद’ अशी खूण पडत होती आणि नासाचे शास्त्रज्ञ त्या खुणांचा अर्थ लावू पाहत होते. ओझोन इतका खाली जाऊच शकत नाही, हे त्या दिवशी संगणकाने ठरवले नव्हते. काही वर्षांपूर्वी एका समंजस माणसाने, तोवरच्या सगळ्या नोंदी पाहून, ठरवले होते. तो निर्णय त्या काळी योग्यच होता. गोठवलेला निर्णय यंत्र इमानाने पाळते, आणि जग बदलले म्हणजे तो वितळवायला जिवंत माणूस लागतो.

इथवर माझ्याशी सहमत होणारा वाचक म्हणेल की, मग झाले तर. यंत्राने खूण करावी आणि माणसाने पाहावे, म्हणजे तुमचा सुवर्णमध्यच. तो प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहू. २३ मार्च २००३ रोजी इराकवरच्या मोहिमेतून परतणारे ब्रिटिश टोर्नेडो विमान अमेरिकेच्या पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने शत्रूचे क्षेपणास्त्र ठरवले. मंजुरी देणारी माणसे पडद्यासमोर हजर होती. त्यांच्या हाती सुमारे एक मिनिट होते आणि पडद्यापलीकडचे काही पाहण्याची सोय नव्हती. त्यांनी मंजुरी दिली आणि विमानातले दोघेही मेले. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यातली लबाडी शोधण्यासाठी कर खात्याने २०१३ पासून स्वतः शिकणारी गणनपद्धती वापरली. अर्जदाराचे नागरिकत्व डच आहे की नाही, हाही त्या पद्धतीत धोक्याचा एक निकष होता. धोक्याची खूण झालेला अर्ज कर्मचाऱ्यासमोर येई. खूण का झाली हे मात्र त्याला सांगितले जात नसे. कागदोपत्री अंतिम निर्णय माणसाचा होता. हजारो कुटुंबांवर भत्ता परत करण्याचे असह्य कर्ज लादले गेले, काहींचे संसार मोडले, आणि जानेवारी २०२१ मध्ये मार्क रुट यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. प्रत्येक प्रकरणाखाली कोणाची तरी सही होती.

याचे घरगुती रूप पाहायला नेदरलँड्सपर्यंत जावे लागत नाही. नोव्हेंबर महिना म्हणजे हयातीच्या दाखल्याचा. माझी मावशी निवृत्त शिक्षिका, वय ब्याऐंशी. तिच्या बोटांवरच्या रेषा जवळजवळ पुसल्या गेल्या आहेत. एका कार्यालयातल्या खिडकीवर तिने अंगठा ठेवला, लाल दिवा लागला. “बाई, बोट पदराला पुसा,” म्हणून झाले; दुसरे बोट झाले, डावा हात झाला. खिडकीतला गृहस्थ तिला दहा वर्षे ओळखणारा, आणि स्वभावाने चांगला. शेवटी तो म्हणाला, “बाई, तुम्ही समोर बसलाय ते मला दिसतंय हो, पण मशीन घेत नाही.” हाताने दाखला लिहून देण्याची तरतूद नियमांत होती. पण तशा प्रत्येक दाखल्यावर वरून विचारणा येते आणि यंत्राने दिलेल्या नकारावर कधीच येत नाही, हे त्याने खालच्या आवाजात सांगितले. ज्याला जाब द्यावा लागत नाही असा निर्णय कोणता, हे ओळखायला त्या माणसाला प्रशिक्षण लागले नव्हते. मावशी घरी आली आणि जिवंत असल्याचा पुरावा जमवायला लागली.

पुराव्याचे ओझे असे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते, आणि तोच या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी नासाच्या चॅलेंजर या अवकाशयानाच्या उड्डाणाविषयी दूरध्वनीवर बैठक झाली. यानाच्या बूस्टरचे सांधे बंद ठेवणारी रबरी कडी थंडीत ताठर होते, म्हणून १२ अंश सेल्सिअसखाली उड्डाण करू नये, असे मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितले. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचले नाही. एरवी यान सुरक्षित आहे हे सिद्ध करावे लागे. त्या रात्री ते असुरक्षित आहे हे सिद्ध करा, अशी अपेक्षा अभियंत्यांकडून झाली. तेवढी आकडेवारी त्यांच्याकडे नव्हती, कारण इतक्या थंडीत पूर्वी कधी उड्डाणच झाले नव्हते. कंपनीच्या अंतर्गत सल्लामसलतीत एका वरिष्ठाने अभियांत्रिकी प्रमुखाला ‘अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल’ असे सांगितले. प्रक्षेपण केंद्रावर हजर असलेले कंपनीचे प्रतिनिधी ॲलन मॅक्डॉनल्ड यांनी मंजुरीवर सही करायला नकार दिला. म्हणून युटातून दुसऱ्याची सही फॅक्सने मागवण्यात आली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटले आणि सात माणसे मेली. इथे यंत्राचा दोष काहीच नव्हता. निर्णय आधी ठरवून त्याखाली माणसाची सही मिळवणारी यंत्रणा तेवढी होती. अशी यंत्रणा संगणकापूर्वीची आहे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबाबत ‘ध चा मा’ची जी गोष्ट आपण ऐकत आलो, ती इतिहासकारांना मान्य नसली तरी लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपली, ती उगाच नव्हे: ‘धरावे’चे ‘मारावे’ कोणी केले, यावर आपण अडीचशे वर्षे बोलत आहोत, पण कागद हाती आल्यावर ‘हे खरेच असे लिहिले आहे का’ एवढेही विचारावेसे गारद्यांपैकी एकालाही का वाटले नाही, यावर कोणी बोलत नाही.

माझ्या म्हणण्याविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप वेळेचा आहे. शत्रूचे यंत्र सेकंदात निर्णय घेत असेल तर आपण माणसाला विचार करायला कुठून वेळ आणावा? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ९ मार्च २०२२ रोजी ठरलेली कार्यपद्धती न पाळल्याने भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडले. पाकिस्तानच्या हवाई हद्दीत ते चार मिनिटांहूनही कमी वेळ होते. पलीकडच्या यंत्रणेला ‘भारतातून क्षेपणास्त्र आले तर आपोआप उत्तर द्या’ असे शिकवलेले असते तर काय झाले असते, याचा विचार यंत्राच्या वेगाचे गोडवे गाणाऱ्यांनी करावा. सुदैवाने उत्तर द्यायचे की नाही हे माणसांनी ठरवले. पुढे भारताने चूक कबूल केली आणि हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढले. जाब कोणाला विचारायचा हे तिथे ठाऊक होते. गणनपद्धतीला बडतर्फ करता येत नाही.

शिवाय वेळ ही काही पावसासारखी आकाशातून पडणारी गोष्ट नाही. १९६२ च्या क्यूबा क्षेपणास्त्र संकटात सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांचे पत्र वॉशिंग्टनला पोहोचून उलगडायला कित्येक तास लागले होते; म्हणून १९६३ मध्ये मॉस्को आणि वॉशिंग्टन या दोन राजधान्यांमध्ये थेट संपर्काची तार टाकण्याचा करार झाला. पुढच्या करारांनी क्षेपणास्त्रे कमी झाली आणि निर्णयाची मिनिटे वाढली. वेळ राजकारणाने निर्माण केला. तोच आज यंत्राच्या शर्यतीत उधळला जातो आहे आणि मग तो उरला नाही म्हणून माणसाला बाजूला व्हायला सांगितले जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये लिमा येथे जो बायडेन आणि शी जिनपिंग यांनी अण्वस्त्रांच्या वापराचा निर्णय माणसाच्याच नियंत्रणात राहावा, असे मान्य केले, हे चांगलेच झाले. पण नियंत्रण म्हणजे किती मिनिटे, कोणती माहिती आणि कोणाचा नकार, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. माणसाविना लक्ष्य निवडणाऱ्या स्वायत्त शस्त्रांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आलेला ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. विरोधातल्या चारांत भारत होता. स्वतंत्र व्यासपीठावरून घाईने बंधने येऊ नयेत, या भारताच्या भूमिकेत तथ्य असेलही, परंतु शेजाऱ्याच्या हद्दीत चुकून क्षेपणास्त्र टाकलेल्या देशाने या विषयात सर्वांत मोठ्या आवाजात बोलायला हवे होते, असे मला वाटते.

आणि हे सगळे शेवटी त्या खुर्चीतल्या माणसाशी आपण कसे वागतो यावर येऊन ठेपते. पेत्रोव्ह यांना बक्षीस मिळाले नाही. त्या रात्रीची नोंदवही का भरली नाही म्हणून त्यांना बोलणी खावी लागली. व्हिन्सेन्सच्या कप्तानाला त्या काळातल्या नौकेच्या नेतृत्वाबद्दल पुढे सन्मानचिन्ह मिळाले. मॅक्डॉनल्ड यांनी अपघाताच्या चौकशीत त्या रात्रीच्या बैठकीची हकिकत उघड सांगितली, तेव्हा कंपनीने त्यांना खालच्या जागी बसवले. ते तसेच राहिले असते, तर पुढच्या प्रत्येक अभियंत्याने योग्य तो धडा घेतला असता. पण अमेरिकन काँग्रेसमध्ये हा विषय निघाला आणि कंपनीची पुढची कंत्राटे धोक्यात येतील अशी चिन्हे दिसली. मग त्यांना परत वर घेण्यात आले आणि ज्या सांध्यावर त्यांनी सही नाकारली होती, तोच सांधा नव्याने घडवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवण्यात आले.